प्रयोगाला आखडणाऱ्या नटाचं काय करायचं?

इंदूरमध्ये हौशी संघाची नाटकं बसवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आमचे सगळे कलाकार नोकरी-धंदा सांभाळून रात्री तालमीला येतात. वाचनाला बसले की छान वाटतात. उभे राहिले की आवाज बदलतो, हात कुठं ठेवायचे कळत नाही, आणि प्रयोगाला तर पार आखडतात. एक मुलगी विशेष गुणी आहे, पण दुसऱ्या अंकात आईशी भांडण आहे तिथं ती 'करून दाखवते', खरं वाटत नाही. मनातली भीती काढायला बाहेरून कुणाला बोलावून दोन दिवसांचं शिबिर घ्यावं का? आणि 'आतून येणं' म्हणतात ते शिकवायचं कसं?"

ताई, शिबिराचं आधी सांगतो, कारण त्यात पैसे जायचे आहेत. नका घेऊ. निदान 'भीतीवर मात' या नावाखाली हल्ली जी शिबिरं चालतात, तसलं तरी नको. तिथं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दिवे मंद करतात, डोळे मिटायला लावतात, मोबाइलवर तानपुरा सुरू करतात आणि सांगतात, जे माणूस गेलं त्याला आठवा, सांगायचं राहिलं होतं ते आता सांगा. बहुतेक जण रडतात. मग मिठ्या, मग ग्रुपवर फोटो. आणि सोमवारी तालमीला तीच मुलगी तोच प्रवेश तसाच करते. करणारच. शिबिरात ती डोळे मिटून, सतरंजीवर बसून, आपल्याआपण रडली. प्रवेशात तिला डोळे उघडे ठेवून, उभं राहून, समोरच्या बाईला एक वाक्य ऐकवायचं आहे, आणि ते शेवटच्या रांगेतही पोचायला हवं. माणसाला रडवणं सोपं आहे. त्या रडण्याचा या कामाशी फारसा संबंध नाही.

शिवाय उकरून काढलेलं पुन्हा झाकायचं कुणी? आपण नाटक बसवणारी माणसं. एखाद्याला तालमीबाहेरही धडधड होते, झोप लागत नाही, गर्दीत जीव घाबरतो, असं दिसलं तर त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं. ते काम शिबिरवाल्यानं हातात घेऊ नये आणि आपणही घेऊ नये.

'ही स्तानिस्लाव्हस्कीची पद्धत आहे' असं सांगून लोकांना गप्प केलं जातं, म्हणून तेवढं स्पष्ट करतो. या रशियन नट-दिग्दर्शकाचं मॉस्को आर्ट थिएटर १८९८ साली सुरू झालं. पुढे काही वर्षांनी त्यानं नटाच्या स्वतःच्या आठवणींतून भावना जागवायचे प्रयोग केले, हे खरं. पण १९३८ साली तो गेला त्याआधीच्या वर्षांत त्याचा भर शारीरिक कृतीवर आला होता: पात्र काय करतंय, कुणासाठी करतंय, ते धरा, भावना मागोमाग येईल. स्टेला ॲडलर ही अमेरिकन नटी १९३४ साली पॅरिसला त्याला भेटली, त्याच्याबरोबर काही आठवडे काम केलं आणि न्यूयॉर्कला परतून आपल्या मंडळींना म्हणाली की आठवणी उकरायचा आपण अतिरेक करतोय, नाटकातली परिस्थिती बघा. त्याच मंडळींतला दिग्दर्शक ली स्ट्रासबर्ग आठवणींच्या बाजूचा, त्याला ते मान्य झालं नाही, आणि त्या दोघांचं हे भांडण मिटलं नाही ते नाहीच. आपल्याकडे शिबिरं घेणारे बरेचदा या भांडणातली एकच बाजू ऐकून आलेले असतात.

आता भीतीकडे येऊ. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातलं शरीरावर उमटतं त्या खुणा, दिलेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. तिसरी घंटा होताना विंगेत उभ्या असलेल्या तुमच्या नटाकडे जरा बघा. पाय खिळलेत, तळहात ओले, अंगावर काटा, घसा बसलाय, बोटं थरथरतायत, तोंडावरचा रंग उडालाय. आठातले सहा भाव फुकटात हजर आहेत. मोठमोठ्या नटांना जे साधायला वर्षं लागतात, ते या बिचाऱ्याकडे न मागता आलंय, फक्त ते चुकीच्या कारणासाठी आलंय. शरीरानं तयारी केलीय, आणि त्या तयारीला काम सापडलेलं नाही. काम सापडलं नाही की ती सगळी ताकद उलटी फिरून नटावरच येते. मग तो स्वतःकडे बघत बसतो. माझा हात कसा दिसतोय? माझा आवाज चिरकला का? पुढचं वाक्य काय? मला विचाराल तर रंगमंचावरचा खोटेपणा बहुतेक इथूनच येतो. माणूस खोटा नसतो, त्याचं लक्ष चुकीच्या जागी असतं.

म्हणून 'शांत हो, टेन्शन घेऊ नकोस' हे वाक्य विंगेत बंद करा. धडधडणाऱ्या शरीराला शांत हो म्हणून काही होत नाही, उलट 'मी अजून शांत झालो नाही' ही दुसरी काळजी लागते. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी यावर प्रयोग केले, ते २०१४ साली प्रसिद्ध झाले. अनोळखी लोकांसमोर गाणं, भाषण, गणित अशी कामं लोकांना दिली. त्याआधी 'मी उत्साहात आहे' असं स्वतःला म्हणणाऱ्यांची कामं 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा बरी झाली. आपल्या भाषेत सांगायचं तर धडधड तीच ठेवायची, तिला काहीतरी करायला द्यायचं.

आणि ती अनुभवानं जाते, अशीही आशा कुणाला लावू नका. लॉरेन्स ऑलिव्हिए हा त्या काळातला इंग्रजी रंगभूमीवरचा सर्वांत मोठा नट. १९६४ पासून काही वर्षं त्याला रंगमंचाच्या भीतीनं इतकं गाठलं की सोबतच्या नटांना त्यानं विनंती केली होती, माझ्या डोळ्यांत बघू नका. तरी तो उभा राहत होता. तुमच्या बँकेतल्या कॅशियरनं घाबरू नये अशी अपेक्षा मग आपण कशाच्या जोरावर करायची?

आता आपल्या इंदूरचं. इथल्या नटाच्या दोन भीती पुस्तकांत सापडत नाहीत, आणि माझ्या मते आखडण्यातला निम्म्याहून जास्त वाटा त्यांचाच आहे.

पहिली ओळखीची. व्यावसायिक नटाला समोर अंधार दिसतो. आपल्या नटाला अंधारातही पक्कं माहीत असतं की तिसऱ्या रांगेत सासूबाई आहेत, त्यांच्या शेजारी शाळेतल्या बाई, आणि मागं ऑफिसातले चार 'भिया', म्हणजे हिंदीभाषक दोस्त, ज्यांना मराठी धड कळत नाही पण आपल्या माणसाचं नाटक म्हणून आलेत. रामबागेसारख्या मराठी वस्तीतला प्रेक्षक आणि तिथलाच नट रोज एकाच दुकानातून दूध घेतात. मग सूनबाईंनी रंगमंचावर नवऱ्याला सोडून जायचं म्हटलं की त्यांचे खांदे आपोआप आत जातात. ही भीती 'मोकळी हो गं' म्हणून जात नाही, कारण ती खरी आहे. लोक बोलतात. त्यावर एकच उपाय मला उपयोगी पडलेला आहे: पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एकट्याला बाजूला घेऊन विचारायचं, या भूमिकेत काय करायला लाज वाटेल, आणि कुणासमोर? उत्तर मिळालं की जमलं तर त्याच माणसाला तालमीला बोलवायचं. प्रयोगाला नाही, तालमीला, लवकर, चहाच्या वेळी. आमच्या एका नाटकात बिडी ओढणारी म्हातारी होती. ते काम करणारी बाई बिडी ओठांपर्यंत न्यायची आणि मान वळवायची. तिनं सांगितलं, सासूबाई बघतील. सासूबाईंना तालमीला आणलं. त्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून मन लावून बघत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "अगं, बिडी अशी दोन बोटांत नाही धरत, मुठीत धरतात. आमच्या गावची भागी अशी धरायची." पुढचा सगळा वेळ त्या सुनेला बिडी शिकवत होत्या. सगळ्या सासवा अशा नसतात, हे कबूल. पण ज्या नजरेची धास्ती आहे ती नजर आधीच एकदा पडून गेली की प्रयोगाला तिच्यात काही नवं उरत नाही.

दुसरी भीती भाषेची. ही कुणी तोंडानं कबूल करत नाही. सानंद न्यास या संस्थेमुळे आपल्याकडे मुंबई-पुण्याची नाटकं नियमित येतात, सभासदांच्या पाच गटांसाठी प्रयोग होतात, खंडवा रोडवरचं विद्यापीठाचं सभागृह भरतं. ही इंदूरची मोठी मिळकत आहे. पण त्याचा एक परिणाम असा की आपल्या नटाच्या कानात 'नाटकातलं मराठी' म्हणून एक सूर बसलाय, आणि तो त्याचा स्वतःचा नाही. घरी तो आईला म्हणतो, "तू मला बोलली होती ना, मग आता का पलटून राहिलीस?" संहितेत लिहिलेलं असतं, "तू मला शब्द दिला होतास आई." हे वाक्य हातात आलं की तो घाबरतो. च, ज, ळ, ण सांभाळत बसतो, आणि सांभाळता सांभाळता एक उसना सदाशिवपेठी स्वर लावतो. तुम्ही म्हणता ना, उभे राहिले की आवाज बदलतो? वाचनाला तोच मुलगा बसून, कागदाच्या आडून, आपल्या आवाजात वाचत असतो. उभं राहिल्यावर 'आता मराठी ऐकलं जाणार' हे त्याच्या अंगावर येतं.

मी काय करतो तर प्रवेश घरच्या बोलीत करून घेतो. संहिता बाजूला. अर्थ तोच, क्रम तोच, शब्द इंदूरचे. हिंदी येऊ द्या, 'मतलब' येऊ द्या, 'अरे यार' येऊ द्या. दोन-तीन तालमी असं केलं की नटाला कळतं, या प्रवेशात आपण कुणाशी कशासाठी भांडतोय. मग लेखकाचे शब्द परत आणायचे, पण घरच्या बोलीत जो सूर लागला होता तो सोडायचा नाही. उच्चारांची मेहनत वेगळी. 'चांगला'मधला च, 'जा'मधला ज, 'बाळ' आणि 'पाणी', हे रोज दहा मिनिटं गायकानं पलटे घोटावे तसं घोटून घ्यायचं, प्रवेशाच्या मध्ये कधीच नाही. भांडणाच्या ऐन भरात कुणाला 'पानी नाही, पाणी' म्हणून थांबवलंत तर तो नट त्या दिवसापुरता गेला म्हणून समजा. आणि नाटक इंदूरच्याच घरातलं असेल तर लेखकाला विचारून बोली तशीच ठेवा की! प्रेक्षकांत बसलेले सगळे तसंच बोलतात. आपलं मराठी हे चुकलेलं मराठी आहे, हा समज आपणच पोसलाय. अडीचशेहून जास्त वर्षं माळव्यात राहिलेल्या भाषेला माळव्याचा रंग चढणारच.

आता तुमच्या मुलीचा प्रवेश. तुमची संहिता मी पाहिलेली नाही, पण आईशी भांडणाचे प्रवेश बरेच बसवलेत, त्यातला एक सांगतो. मुलीला नोकरीसाठी बंगळूरला जायचंय, आईला नको आहे. मुलगी दीड पान बोलते, आईला मोजून चार वाक्यं. मुलगी पहिल्या वाक्यापासून रडवेली, हात हलवत, मधूनमधून प्रेक्षकांकडे बघत. तिला मी विचारलं, तुला हवंय काय? म्हणाली, "आईनं मला समजून घ्यावं." असल्या उत्तरावर काही करता येत नाही. समजून घेतलं की नाही ते दिसणार कसं? तेव्हा आईला भुट्टे आणि किसणी दिली. पावसाळ्याचे दिवस होते, भुट्ट्याचा कीस घरोघरी चालू होता, परात समोर. आईला सांगितलं, किसत राहा, खरोखर थांबावंसं वाटलं तरच थांबा, माझ्याकडे किंवा घड्याळाकडे बघून थांबू नका. मुलीला सांगितलं, तुझं काम एकच, आईचा हात थांबवायचा. अंगाला हात लावायचा नाही. वाक्यं संहितेतलीच.

मुलगी आधी मोठ्यानं बोलली. किसणी चालू. मग विनवलं. किसणी चालू, उलट जरा जोरात. मग तिला खरोखर राग आला, कारण काहीच चालेना, आणि तो राग मी मागितलेला नव्हता. दोन वाक्यं ती उभ्यानं बोलली, मग खाली बसली आणि परातीशेजारचा न सोललेला भुट्टा उचलून त्याची पानं काढायला लागली. "मी विचारत नाहीये आई, सांगतेय" हे वाक्य ती आधी ओरडून म्हणायची. ते तिनं भुट्ट्याकडे बघत, केस वेचता वेचता म्हटलं. आईचा हात थांबला. मी काही न बोलता तसंच चालू दिलं. संपल्यावर मुलगी नाराज होती. म्हणाली, "सर, यात मी तर काहीच केलं नाही."

हे वाक्य तुम्हाला ऐकू आलं की काम बरोबर चाललंय समजा. मात्र लगेच हुरळूनही जाऊ नका. दुसऱ्या दिवशी ती तशीच खाली बसली, तसाच भुट्टा उचलला, तसाच आवाज उतरवला, आणि ते सगळं पोकळ झालं. कारण आता ती कालची तिची नक्कल करत होती. तेव्हा आईला गुपचूप सांगितलं, आज उठून आत जायला निघा. मुलीला पुन्हा शोधावं लागलं. असं पाच-सात वेगवेगळ्या अडचणींतून नेलं की नटाच्या अंगात बसते ती धडपड, तिचा एक ठरावीक आविष्कार नाही. मग उभं-बसणं पक्कं करायचं. ते करावंच लागतं, प्रकाशयोजना आहे, समोरचा नट आहे, दर प्रयोगाला नवी मजा करत बसायला आपण मोकळे नाही. पण पक्कं करायचं ते 'कुठं बसते' एवढंच. 'आईचा हात थांबवायचा' हे प्रत्येक प्रयोगाला नव्यानं करायचं, आणि आईनंही खरंच पटल्याशिवाय थांबायचं नाही.

'आतून येणं' मी एवढंच समजतो. त्याहून गूढ त्यात काही नाही, किंवा असलं तरी तालमीत त्याचा उपयोग नाही. नटाला 'तुला काय वाटतंय' हे विचारणं सोडा. तुला काय हवंय, ते कुणाकडून, तो का देत नाही, आणि मिळालं हे तुला कशावरून दिसेल, हे विचारा. शेवटचा प्रश्न सगळे गाळतात, आणि खरं काम त्याच्यावरच होतं.

स्वगतांचं काय, हा पुढचा प्रश्न येतो. तिथं समोर कुणीच नसतं. त्याला आपल्या मातीतला उपाय आहे. उज्जैनकडचा माच, म्हणजे माळव्यातलं लोकनाट्य, पाहिला असेल. तिथला नट प्रेक्षक दिसत नसल्याचं सोंग करत नाही, सरळ त्यांच्याकडे बघून बोलतो-गातो. तसं स्वगत एकदा तालमीतल्या पाच माणसांना, प्रत्येकाला एकेक वाक्य, डोळ्यांत बघून सांगायला लावा. ज्याला सांगितलं त्यानं मान हलवली तरच पुढचं वाक्य. नंतर ते परत एकट्याचं करा. मन आपोआप कुणालातरी सांगत राहतं.

आता थोडं कडू. नटाच्या भीतीतला बराच भाग आपण, नाटक बसवणारी माणसं, तयार करतो. वाक्य म्हणून दाखवणं हा आपल्याकडचा जुना रोग. दिग्दर्शकानं एकदा म्हणून दाखवलं की नट जन्मभर त्या चालीशी स्वतःला ताडून बघतो. 'नॅचरल कर', 'फील कर', 'अजून खोल जा' या सूचनांवर नट काहीही करू शकत नाही, फक्त घाबरू शकतो. सर्वांसमोर एकाचं उदाहरण देऊन हशा पिकवणंही तसंच, त्या हशाची किंमत प्रयोगाला चुकती करावी लागते. एका प्रवेशाला दोनच सूचना द्याव्यात, त्यातली एक तरी अशी असावी की नट ती हातापायांनी करू शकेल: 'ताट ठेवल्यावर बोल', 'तिच्याकडे न बघता बोल'. आणि तालमीत मोबाइलवर बोलणारा दिग्दर्शक असेल तर नटानं लक्ष कुठं ठेवावं याची चर्चा करण्यात अर्थ नाही.

वाक्य विसरण्याची धास्ती सगळ्यांत मोठी असते, आणि तिच्यावर कुणी तालीम घेत नाही. आठवड्यातून एक तालीम अशी घ्या की कुणीही, कुठंही, मुद्दाम एक वाक्य गाळायचं किंवा उडी मारायची, आणि समोरच्यानं पात्रातच राहून गाडी रुळावर आणायची. पहिल्यांदा हसून हसून वाट लागते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला नटांना कळतं की वाक्य पडलं तर आभाळ कोसळत नाही, समोर एक माणूस आहे आणि तो सांभाळतो. विंगेतल्या प्रॉम्प्टरनंही या तालमीला यावं. नट श्वास घेतोय आणि नट अडकलाय यातला फरक त्याला तिथंच कळेल. विचार करायला थांबलेल्या नटाला घाईनं वाक्य पुरवणारा प्रॉम्प्टर हा न विसरणाऱ्यालाही विसरायला लावतो.

प्रयोगाच्या दिवसाचं. रवींद्र नाट्यगृह असो की शाळेचा हॉल, नटांनी मेकअपला बसण्याआधी रंगमंचावर चालून यावं, दारं उघडून बघावीत, खुर्ची किती वाकते ते बघावं. मग एकानं शेवटच्या रांगेत जाऊन बसायचं आणि दुसऱ्यानं वरून त्याच्याशी साध्या गप्पा मारायच्या, नाटकाचं वाक्य नाही, आज ट्रॅफिक कसा होता वगैरे. आवाज किती लागतो ते घशाला त्यातून समजतं. कचोरी-समोसे प्रयोगानंतर. चहाही बेतानं, कोमट पाणी बरं. विंगेत गुडघे ताठ ठेवू नयेत, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यावं, सावकाश, लांब. घाबरलेला माणूस श्वास भरत राहतो आणि सोडायचं विसरतो. हातात पात्राची काहीतरी वस्तू असावी, पिशवी, किल्ली, काहीही, आणि प्रवेश केल्या केल्या पहिल्या वाक्याआधी एक छोटं काम असावं. पिशवी ठेवली, मग बोलला. बहुतेकांची भीती पहिल्या काही मिनिटांतच टोकाला असते, तेवढा वेळ हाताला काम मिळालं की पुढचं नाटक ओढून नेतं.

गोळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारेलच. प्रोप्रॅनोलॉल घेऊन हातांची थरथर आणि धडधड कमी होते, गाणारे-वाजवणारे ती घेतात, हे खरं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती कुणालाही देऊ नका. दमा असलेल्याला ती धोक्याची आहे, आणि मित्राच्या खिशातून आलेली गोळी प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा घेणं हा तर शुद्ध वेडेपणा. 'थोडी घेतली की मोकळं वाटतं' म्हणणाऱ्यांबद्दल बोलतच नाही, त्यांना विंगेबाहेर बसवा.

शेवटी पुन्हा त्या मुलीकडे. तुम्ही सगळं तिच्याबद्दल लिहिलंत, आईचं काम करणाऱ्या बाईंबद्दल एक अक्षर नाही. पुढच्या तालमीला मुलीकडे बघूच नका, त्या बाईंकडे बघा. त्या ऐकतायत का, की स्वतःच्या वाक्याची वाट बघत उभ्या आहेत? मला दाट शंका आहे की मुलगी 'करून दाखवते' कारण समोरून तिला काही परत येत नाही, मग ती प्रेक्षकांना दाखवायला वळते. तसं असेल तर मुलीला एकही सूचना देऊ नका. बाईंच्या हातात काहीतरी काम द्या, त्यांना सांगा की मुलीच्या कुठल्या वाक्याला तुमचा हात थांबतो ते तालमीनंतर मला सांगायचं, आणि रोजचं उत्तर वेगळं आलं तरी चालेल. आठवडाभर एवढंच करा. मग त्या प्रवेशाची दोन पानं मला पाठवा, कुणाला नेमकं काय हवंय ते आपण मिळून समासात लिहून काढू.